काहील केव्हा उतरवावी?



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा मी 'काहील केव्हा उतरवावी' एवढे तीन शब्द लिहून दिले. त्यावर एका चालकांनी मला विचारले, की यात काहील म्हणजे सरकार समजायचे की भांडवलशाही? कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला की तो रूपकातच बोलणार अशी लोकांची समजूत झालेली दिसते, आणि तिला आम्हीच जबाबदार आहोत. पण आज काहील म्हणजे काहीलच आहे. तिच्यात उसाचा रस आटतो आणि त्याचा गूळ होतो. तो किती आटवायचा आणि हे ठरवायचे कोणी, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे थोडेफार कळले ते संघटनेच्या कचेरीत, एस.टी.च्या प्रवासात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात वाचून कळले. तेव्हा मी शास्त्रातले काही बोललो, तर ते गुऱ्हाळात जाळ घालणाऱ्या पोराचे शास्त्र आहे असे समजून घ्यावे.

सुरुवात मात्र गुळापासून न करता बिअरपासून करतो. घाबरू नका, मी घेत नाही. काही वर्षांपूर्वी पगारवाढीच्या बोलण्यांसाठी मराठवाड्यातील एका बिअरच्या कारखान्यात गेलो होतो. बोलणी तुंबली, तेव्हा तेथील एका कामगाराने मला आत नेऊन सगळे दाखवले. सातूला मोड आणून तो वाळवतात, भरडतात, गरम पाण्यात भिजवतात आणि त्याचा गोड रस गाळून घेतात. त्या रसाला ते वर्ट म्हणतात. मग तो मोठ्या बंद भांड्यात उकळतात आणि उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले टाकतात. मी विचारले, किती वेळ उकळता? तो म्हणाला, साठ मिनिटे. माल्ट अगदी फिकट असला तर नव्वद. भिंतीवर घड्याळ होते आणि त्याचे डोळे घड्याळावर होते.

मला हे नवल वाटले. कारण आमच्याकडे गुऱ्हाळात घड्याळ लावलेले मी कधी पाहिले नव्हते. पुढे मी त्यामागचे कारण वाचून काढले. वर्टमध्ये साखर थोडी आणि पाणी फार, त्यामुळे तो शंभर अंशांच्या आसपास उकळू लागतो आणि तासभर जवळजवळ त्याच उष्णतेवर राहतो. पाणी उडते ते फार तर दहावा हिस्सा. त्यांना रस घट्ट करायचाच नसतो. त्यांना फुलांचा कडूपणा रसात उतरवायचा असतो, प्रथिने साकळून खाली बसवायची असतात, जंतू मारायचे असतात, आणि फिकट माल्टच्या अंगचा शिजवलेल्या मक्यासारखा एक वास वाफेबरोबर घालवायचा असतो. उष्णता स्थिर असली की ही सगळी कामे मिनिटांच्या हिशेबाने होतात. म्हणून तेथे घड्याळाला अधिकार आहे. अमेरिकेत १९७८ साली कायदा होऊन घरी बिअर करण्याची मोकळीक मिळाली, आणि तेथील हौशी मंडळी तीस मिनिटे पुरेत की साठ की नव्वद, यावर आपल्याकडे द्वैत-अद्वैतावर होत तसे वाद घालतात. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे ही हौस घरात केली तर वाद घालायला थेट फौजदारच येतील. असो.

आता आपल्या काहिलीकडे येऊ. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. त्या काळी या भागात साखर कारखाने नव्हते. ऊस म्हणजे गूळ, आणि गूळ म्हणजे बारामतीची पेठ, असे समीकरण होते. पुढे वालचंदनगरला वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना निघाला, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर असे सहकारी कारखाने झाले, आणि गुऱ्हाळे मागे पडली. मागे पडली, पण संपली नाहीत. कारखान्याची तोड लांबली, भावाचे बिनसले, की शेतकऱ्याला गुऱ्हाळ आठवते.

एका काहिलीभर रसाला गुऱ्हाळात आधण म्हणतात. हिशेबाला सोपे म्हणून हजार किलो रस धरा. त्यात चांगल्या उसाला शेकडा वीसच्या आसपास घन भाग, म्हणजे दोनशे किलो. गुळात थोडे पाणी राहतेच, तेव्हा गूळ होईल दोनशे दहा किलोच्या घरात. म्हणजे आठशेच्या जवळपास किलो पाणी चिपाडांच्या जाळावर आकाशात पाठवायचे. याला अडीच-तीन तास लागतात. पहिला तास मळी काढण्याचा. रस तापला की चुन्याची निवळी घालतात, रानभेंडीचा चिकट रस घालतात, आणि घाण फेसाबरोबर वर येते ती झाऱ्याने काढून टाकतात. चुना थोडा पडला तर रसाचा आंबटपणा राहतो आणि साखर फुटते, जास्त पडला तर गूळ काळा होतो. मग नुसते उकळणे. फेस काठावर आला की थोडे तेल शिंपडायचे, तो खाली बसतो. येथपर्यंत कोणीही शिकू शकेल.

खरे काम पुढे आहे. रस आटत जातो तसा तो शंभर अंशांवर थांबत नाही. पाक जितका घट्ट, तितकी त्याची उकळी वरच्या अंशाला. एकशेपाच-सहा अंशांवर काकवी होते. एकशेअठराच्या सुमारास ढेप बांधण्याजोगा गूळ होतो. आणखी दोन-चार अंश गेले तर भुकटी करण्याजोगा कोरडा, आणि त्यापुढे करपलेला. आता गंमत पाहा. काकवीपर्यंत येताना सातशे किलो पाणी उडालेले असते आणि त्याला दोन तासांवर वेळ गेलेला असतो. काकवीपासून गुळापर्यंत उडायचे पाणी पन्नास-साठ किलोच असते. ते काही मिनिटांत उडते, आणि शेवटी शेवटी एकेक अंश पाहता पाहता चढतो. जाळ कसा होता, चिपाड वाळले होते की दमट, वारा कोणत्या बाजूचा होता, ऊस कोणत्या जमिनीतला होता, यावर ही मिनिटे मागेपुढे होतात. घड्याळ लावून काहील उतरवणारा माणूस एक आधण कच्चे उतरवील आणि दुसरे जाळील.

हे सभेतल्या भगिनींना नवीन नाही. लाडवाचा पाक एकतारी, दोनतारी की गोळीबंद, हे सांगताना आपली आई कधी मिनिटे सांगत नव्हती. बोटांत धरून दाखवत होती. गुळव्या तेच करतो. उकळत्या पाकातला थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो, काहिलीच्या काठावर मारतो. गोळी चपटी झाली तर थांबायचे. टण् असा आवाज आला की हात वर करायचा, आणि सगळ्यांनी मिळून काहील उतरवायची. काही जुने गुळवे ओले बोट सरळ उकळत्या पाकात घालून बाहेर काढीत. मी ते पाहिले आहे. आपण कोणी करू नये.

मी पंधरा वर्षांचा असताना सणसरच्या बाजूला एका गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडे टाकण्याचे काम करीत होतो. दिवसरात्र मिळून सहा-सात आधणे निघत. शेवटच्या टप्प्यात गुळव्याने 'जाळ तोड' म्हटले की चिपाडे थांबवायची, एवढेच मला सांभाळायचे होते. एका पहाटे मला डुलकी लागली. जागा झालो तो दचकून, आणि दचकलेला माणूस जे करतो ते मी केले, दोन कवळे कोरडे चिपाड आत ढकलले. वरती त्याच वेळी गुळव्याचा हात उठला होता. काहील उतरेपर्यंत पाक करपला. गूळ काळाकुट्ट आणि कडवट झाला. मालकाने त्या आधणाची मजुरी गुळव्याच्या हिशेबातून कापली. गुळव्याने माझे नाव सांगितले नाही, आणि मीही तोंड उघडले नाही. मी चळवळीत का आलो, असे मला पुष्कळ ठिकाणी विचारतात, तेव्हा मी मोठी मोठी कारणे सांगतो. त्यात हे एक कारण सांगायचे राहून जाते.

कारखान्यात हा प्रश्न यंत्राने सोडवला आहे, असे कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी ते खरे आहे. साखर कारखान्यात पाक उघड्यावर आटवीत नाहीत. बंद भांड्यातली हवा ओढून घेतात. हवेचा दाब उतरला की पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळतो, आणि एवढ्या कमी उष्णतेवर साखर फुटतही नाही, करपतही नाही. एका भांड्याच्या वाफेवर दुसरे, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे तापवायचे, ही युक्ती नॉर्बर्ट रिलिये या माणसाची. तिचे पेटंट त्याने १८४३ साली घेतले. तो अमेरिकेत लुइझियानाचा, काळ्या आईच्या पोटी जन्मलेला. त्याच्या प्रांतात तेव्हा गुलाम माणसे उघड्या काहिलींच्या रांगेतून उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत उपसत असत, भाजत असत, मरत असत. त्याच्या यंत्राने साखर स्वस्त झाली आणि जळणही वाचले, पण गुलामांची सुटका त्याने झाली नाही. तिला पुढे वीस-बावीस वर्षे आणि एक यादवी युद्ध लागले. यंत्र आणि न्याय एकाच गाडीने येत नाहीत, एवढे यावरून माझ्यासारख्याने टिपून ठेवले.

तरीसुद्धा कारखान्यातही पाक कधी सोडायचा हे पाहणारा एक माणूस लागतोच. त्याला पॅनमन म्हणतात. तो नमुना काचेवर घेतो, उजेडात धरतो, दाणा पाहतो. १९५७ साली साखर धंद्यासाठी केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले, कामगारांच्या श्रेणी ठरल्या, आणि पॅनमनचे कसब कागदावर आले. गुळव्याच्या हातात तेच कसब आहे, किंबहुना यंत्रे मदतीला नसल्यामुळे अधिकच आहे. पण त्याची श्रेणी कोठे लिहिलेली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने, यंत्रशक्ती असेल तर दहा माणसे, अशी रेघ ओढली होती. गुऱ्हाळे या रेघेच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे असत, आणि तपासणीच्या दिवशी नेमकी अलीकडे सापडत.

आता ज्या प्रकरणासाठी हा विषय मी घेतला, ते सांगतो. २००६-०७ च्या हंगामात महाराष्ट्रात ऊस अमाप झाला होता. कारखान्यांना तो संपेना. इंदापूर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर कोल्हापूरकडून आलेले एक गुळवे होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांच्या टोळीत अकरा माणसे. मजुरी आधणावर. एका आठवड्यात नऊ आधणांचा गूळ बसला नाही. ढेपा मऊ राहिल्या, बोट रुतत होते, पाणी सुटत होते. मालक म्हणाले, तात्यांनी काहील लवकर उतरवली, आधणे मोजायची घाई होती. नऊ आधणांची मजुरी त्यांनी साऱ्या टोळीची कापली.

टोळी आमच्याकडे आली. मी लगेच कागद-पेन्सिल घेतली आणि कराराचा एक मसुदा केला. त्यात पहिलेच कलम होते: प्रत्येक आधणास अडीच तास धरावेत, अडीच तास जाळ दिल्यावर गूळ कसाही झाला तरी मजुरी द्यावी. मला वाटले, कामगाराचे रक्षण घड्याळानेच होते. आठ तासांचा दिवस आपण घड्याळानेच मिळवला ना? तात्यांनी मसुदा वाचून घेतला आणि म्हणाले, "साहेब, माणसाला घड्याळ लावा. काहिलीला लावू नका. अडीच तास लिहिले, तर उद्या मालक अडीच तासांना उभा राहील आणि म्हणेल, उतरवा." मी कलम खोडले. वीस वर्षे चळवळीत काढूनही मला ते सुचले नव्हते.

तात्यांचे म्हणणे निराळेच होते. ते म्हणाले, दोष उताऱ्याचा नाही, उसाचा आहे. तो ऊस कारखान्यासाठी तोडला होता, कारखान्याने उचलला नाही, चार दिवस उन्हात पडला आणि मग गुऱ्हाळावर आला. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक फुटते. फुटलेली साखर हवेतले पाणी ओढून घेते, तिचा दाणा बांधत नाही. असला रस कितीही आटवा, ढेप उभी राहत नाही. पुस्तकात मी हे नंतर वाचले; त्यांना ते हाताने ठाऊक होते.

आम्ही मालकांना म्हटले, चार लोकांसमोर दोन आधणे करून पाहू. पुण्याहून दोनशे अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणला. पहाटे तोडलेल्या उसाचे एक आधण, आणि पडून राहिलेल्या उसाचे दुसरे. तोच जाळ, तीच काहील, तोच माणूस. पहिल्या आधणाला पारा एकशेसतरावर असताना तात्यांनी हात वर केला. थर्मामीटर धरून मीच उभा होतो. मी म्हणालो, थांबा, अजून एक अंश आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. काहील उतरली. गूळ असा बसला, की वाजवला तर दगडासारखा. दुसऱ्या आधणाला पारा एकशेवीसपर्यंत जाऊ दिला. रंग गडद झाला, करपट वास येऊ लागला, आणि तरी दुसऱ्या दिवशी ढेप मऊच होती.

मालक वाईट नव्हते. त्यांनाही पेठेत तोटा झाला होता. त्यांनी कापलेली निम्मी मजुरी परत दिली आणि स्टॅम्पपेपरवर एक कलम मान्य केले: एका दिवसापूर्वी तोडलेला ऊस गुळव्याने नाकारावा, तरी मालकाने तोच गाळायला लावला, तर गूळ कसाही झाला तरी मजुरी पुरी. माझ्या हातून झालेल्या करारांत हा सर्वांत लहान, पण मला त्याचा अभिमान आहे. पुढच्या हंगामात मालकांनी दुसरी टोळी आणली. त्याला मी काही करू शकलो नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती आपल्या सर्वांच्या घरची आहे. पेठेत गुळाचा भाव रंगावर ठरतो. पिवळाधमक असेल तर भाव वर, तांबूस असेल तर खाली. उघड्या जाळावर आटवलेला गूळ तांबूसच होणार. तो पिवळा करायचा तर एक पांढरी भुकटी रसात टाकतात. तिला गुऱ्हाळात हायड्रॉस म्हणतात. ती गंधकाची जात आहे. रंग उजळतो, पण टिकत नाही. काही दिवसांत गूळ पुन्हा काळवंडतो. अन्न सुरक्षेच्या नियमांत गुळातील गंधकाच्या या अंशाला दहा लाखांत सत्तर भाग अशी मर्यादा आहे. गुऱ्हाळावर भुकटी मुठीने मोजतात. टाकताच नाकाडोळ्यांना झोंबणारा धूर वर येतो, आणि तो पहिल्यांदा काहिलीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत जातो. शिवाय तिच्यामुळे गुळव्याचा एक साक्षीदार मरतो. पाकाचा रंग पाहून तो जे ओळखत असे ते आता ओळखता येत नाही; राहतो फक्त गोळीचा आवाज. दुकानात आपण बोट दाखवून 'तो पिवळा द्या' म्हणतो. दुकानदार अडत्याला सांगतो, अडत्या मालकाला, आणि मालक काहिलीपाशी येऊन गुळव्याला. हुकूम निघाला तो आपल्या पिशवीतून.

आजकाल आपल्याकडच्या आणि शेजारच्या दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून येणाऱ्या टोळ्या दिसतात. त्यांची भाषा निराळी, काहिली मांडण्याची रीत निराळी. पण रस एकशेअठरा अंशांपाशी आला की त्यांचा माणूसही पाण्यात थेंब टाकतो आणि गोळी वळतो. त्यांच्याशी बोलायला आमच्या संघटनेत अजून कोणी धड हिंदी जाणणारा नाही, ही आमची उणीव मी येथे कबूल करतो. माझी हिंदी ऐकून ते हसतात, आणि मग चहा पाजतात.

हंगाम आता संपत आला आहे. काही गुऱ्हाळे अजून आठ-पंधरा दिवस पेटती राहतील. लासुर्णे किंवा निमगाव केतकीच्या बाजूला गेलात तर पहाटे धूर दिसेल. जरूर जा, गरम काकवी मागून घ्या, ती कोणी नाही म्हणणार नाही. फक्त पाक चढत असताना शेवटची दहा मिनिटे गुळव्याशी बोलू नका.